घर उबदार करण्यासाठी अंशतः पाडणे

आमचं घर उबदार करायचं, एवढंच ठरलं होतं. यातला 'एवढंच' हा शब्द मी लिहिताना खोडला आणि परत लिहिला, कारण तेव्हा मला खरोखरच तसं वाटत होतं. आपण किती भोळे होतो हे सांगताना तरी माणसानं प्रामाणिक राहावं.

घर रांगेतलं आहे. एकाला एक चिकटून उभी असलेली उंच, अरुंद, जुनी घरं. कपाटातल्या पुस्तकांसारखी, मधलं एक काढलं तर शेजारची दोन्ही कलतील अशी. पुढे रस्त्याकडच्या खिडक्या, मागे हातभर अंगण, आणि डावी-उजवी भिंत शेजाऱ्यांशी सामाईक. म्हणजे चारांतल्या दोनच भिंती पूर्ण आपल्या, उरलेल्या दोन निम्म्या-निम्म्या. हे मला माहीत होतं. पण माझ्याबाबतीत एखादी गोष्ट माहीत असणं आणि ती कळणं यांत बराच काळ जातो.

गेल्या हिवाळ्यात बायकोला खोकला लागला, तो उन्हाळा आला तरी हटेना. डॉक्टरांनी तिची छाती तपासली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तिच्या छातीत जाऊन बसलो होतो. घर दमट आणि गार आहे, असल्या घरात हिनं आणखी एक हिवाळा काढता कामा नये, असं त्यांनी सांगितलं. हीटर आम्ही लावून पाहिले होते. एक लावला की तिला कोरडी ढास लागायची आणि दोन लावले की फ्यूज उडायचा.

मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका उंच इमारतीत राहते. तिथं भिंतीतूनच ऊब येते म्हणे. ती आईला न्यायला आली आणि निघताना दारात थांबून म्हणाली, "बाबा, थंडी पडायच्या आत घर राहण्यासारखं झालं तर आई परत येईल. नाही झालं तर हे विकायचं आणि तुम्हीही माझ्याकडे यायचं. यावर आता चर्चा नको."

मी कधीच चर्चा करत नाही, हे ती विसरली होती. बायकोनं जवळचा आणि लांबचा, दोन्ही चष्मे आठवणीनं पर्समध्ये घातले. चार दिवसांसाठी जाणारं माणूस एक चष्मा तरी विसरतं.

त्या संध्याकाळी मी तिच्या रिकाम्या खुर्चीसमोर पुस्तक उघडून बसलो आणि एकच पान बराच वेळ वाचत राहिलो. एवढ्या वर्षांच्या संसारात आम्ही फारसं बोलत नाही. पण न बोलायलाही समोर कोणीतरी लागतं.

तेव्हा घर उबदार करायचं ठरलं.

ठेकेदार मुलीच्या ओळखीचा होता. हसतमुख माणूस. त्याच्या बोलण्यात कुठल्याही वाक्याचा शेवट नसे. "काका, ते आपण असं करू की पुढच्या बाजूला..." असं म्हणून तो हात हवेत फिरवायचा आणि पुढच्या खोलीत जायचा. मी त्याच्या मागून वाक्याच्या उरलेल्या भागाची वाट पाहत जायचो. माझी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. अर्धवट वाक्य दिसलं की मला अस्वस्थ होतं. पण समासात खूण करणं वेगळं आणि समोरच्या धडधाकट माणसाला 'तुमचं क्रियापद राहिलं' असं तोंडावर सांगणं वेगळं. त्याचं एक वाक्य मात्र नेहमी पूर्ण असे. "टेन्शन घेऊ नका." हे ऐकलं की मला टेन्शन यायला लागायचं.

त्याची काम करण्याची पद्धत अशी होती. त्याची एकाच वेळी बरीच कामं चालू असत. तो सकाळी यायचा, कानावरची पेन्सिल काढायचा, भिंतीवर जिथं भोक पाडायचं तिथं एक गोल काढायचा आणि दुसऱ्या कामावर निघून जायचा. मग त्याचा गवंडी यायचा. गवंडी अबोल होता. तो गोल शोधायचा, गोल दिसला की ड्रिल लावायचा, भोक पडलं की पुढचा गोल शोधायचा. मालक कोण, खोली कसली, भिंतीपलीकडे काय, असल्या भानगडीत तो पडायचा नाही. मला ही पद्धत मनापासून आवडली होती. कोणाशी न बोलता दिवसभराचं काम चालतं, ही कल्पना माझ्यासारख्याला स्वर्गासारखी वाटली तर नवल नाही.

या सुरुवातीच्या आनंदावर उजवीकडच्या शेजाऱ्यांनी विरजण घातलं. ते वीजमीटर तपासनीस म्हणून निवृत्त झाले आहेत. सगळी आळी त्यांना मीटरसाहेब म्हणते. कोणाच्याही घरात शिरताच भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करण्याची त्यांना सवय आहे. आमच्या भिंतीवर टकटक करून त्यांनी कान लावला, मान हलवली आणि विचारलं, "परवानगी काढलीत?" मी म्हणालो की आतल्या आत तर करायचंय. त्यावर त्यांनी बऱ्याच दुर्दैवी घरमालकांच्या कथा सांगितल्या. त्यांतल्या एकाचा जिना कचेरीनं सील केला होता आणि तो माणूस वरच्या मजल्यावर अडकून पडला होता. "मला काय," ते शेवटी म्हणाले, "मी आपलं फक्त सांगतोय." हे फक्त सांगणं संपेपर्यंत चहा गार झाला आणि मी कचेरीत जायचं कबूल करून बसलो.

कचेरीतला कारकून वाईट माणूस नव्हता. उलट त्याला माझी कीव आली, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला. अर्जात कामाचा उद्देश लिहायचा होता आणि त्यासाठी ठरलेले पर्याय होते: दुरुस्ती, वाढीव बांधकाम, वापरात बदल, पूर्णतः पाडणे, अंशतः पाडणे. मी म्हणालो, घर उबदार करायचं आहे. त्यानं पर्याय पुन्हा वाचले. दुरुस्ती म्हणावं तर काही मोडलेलं हवं, तो म्हणाला. घर मोडलं आहे का? मी म्हणालो, नाही, गार आहे. गार असणं म्हणजे मोडणं नव्हे, हे त्याचं म्हणणं मला पटलं. मला कोणाचंही म्हणणं पटतं, हा माझ्या स्वभावातला मोठा दोष आहे. वाढीव बांधकामात मुळीच पडू नका, पुढची पिढी म्हातारी होईल, असं त्यानं आपुलकीनं सांगितलं. मग बराच विचार करून विचारलं, "काम करताना भिंतीचा काही भाग फोडावा लागेल ना?" लागेल, असं मी म्हणालो. त्याचा चेहरा उजळला आणि त्यानं 'अंशतः पाडणे' यावर बरोबरची खूण केली. ती खूण मला खटकली. पण तो इतका खूश दिसत होता की माझ्याच्यानं बोलवेना.

परवानगी आश्चर्यकारक वेगानं मिळाली. तितक्याच वेगानं पाणीखात्याची माणसं आली आणि नळ तोडून गेली, कारण पाडायच्या घराला पाणी देत नाहीत. मी त्यांना दारात गाठून समजावण्याचा प्रयत्न केला, की घर पाडायचं नसून उबदार करायचं आहे. त्यांतल्या वयस्क माणसानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आजोबा, होतं असं. जुन्या घरात जीव अडकतो." जाताना त्यानं दोनदा वळून पाहिलं.

पाणी तोडल्याचा एक फायदा झाला. वरच्या खोलीतली पुस्तकं कुठं हलवायची हा प्रश्न होता. कोरडा पडलेला न्हाणीतला टब त्यांच्यासाठी मोकळा झाला. तोटा असा, की आंघोळीला मला मीटरसाहेबांकडे जावं लागायचं. ते बंद दाराबाहेर उभे राहून सल्ला द्यायचे. छताला काय लावावं, ठेकेदाराला कसं दाबात ठेवावं, साबण कमी का वापरावा. अंगावर फक्त फेस असलेल्या माणसाला 'हो' म्हणण्यापलीकडे इलाज नसतो. त्या काळात मी कशाकशाला हो म्हणालो याची मला आजही धास्ती वाटते.

मग खिडक्यांचं प्रकरण झालं. रस्त्याकडच्या जुन्या, फटी पडलेल्या खिडक्या काढून दुहेरी काचेच्या बसवायच्या होत्या. ठेकेदारानं एका खिडकीचं माप घेतलं आणि त्या मापाच्या सगळ्या मागवल्या. आमच्या घरात मात्र कुठल्याच दोन खिडक्या सारख्या नाहीत. ज्यानं हे घर बांधलं तो एकतर कलावंत असावा किंवा त्याचा फूटपट्टीवर विश्वास नसावा. जुन्या चौकटी तर काढून झाल्या होत्या, आणि नव्यांपैकी एकच बसली, ज्या खिडकीचं माप घेतलं होतं तिथं. बाकीच्या पुढच्या खोलीत भिंतीला टेकून ओळीनं उभ्या राहिल्या. त्यांच्यातून आमची भिंत फार स्वच्छ दिसायची. खिडक्यांच्या जागी प्लास्टिक ताणून लावलं. वारा सुटला की ते फडफडायचं आणि एखादं जहाज बंदर सोडून निघाल्यासारखं वाटायचं. जहाजावर मी एकटा.

नव्या मापाच्या खिडक्या यायला वेळ होता, आणि पुढच्या भिंतीला हात लावायचा तर रांगेतल्या सगळ्या घरांची संमती हवी, असं कचेरीचं आणखी एक पत्र आलं. पण ठेकेदार हातावर हात ठेवून बसणारा माणूस नव्हता. "तोवर आपण बाजूच्या भिंती..." असं म्हणून त्यानं हात फिरवला. बाजूच्या दोन्ही लांबलचक भिंतींना आतून फोमचे जाड तक्ते ठोकायचे आणि त्यावर बोर्ड लावून रंग द्यायचा, असा त्या हातवाऱ्याचा अर्थ होता. मोठ्या भिंती, म्हणून ऊबही मोठी. मला क्षणभर वाटलं की या भिंतींपलीकडे तर माणसं राहतात, वारा नाही. मग हे पांघरूण कोणाविरुद्ध? पण तो दिवसातून अनेक घरं पाहतो आणि मी जन्मात एकच पाहिलंय. माझ्या शंकेनं स्वतःच माघार घेतली.

काम देखणं झालं, हे मी नाकारत नाही. भिंती सपाट, पांढऱ्या, मऊसर दिसायला लागल्या. फक्त घर पूर्वीपेक्षा गार झालं.

मला वाटलं हा माझ्या मनाचा खेळ आहे. मी स्वेटरवर स्वेटर चढवला. डाव्या भिंतीला लागून असलेल्या मागच्या खोलीत आमच्या दोघांच्या खुर्च्या असतात. ती खोली घरात नेहमी सगळ्यांत बरी. आता तिथंही वाचताना पान उलटायला हातमोजा काढावा लागे. गारठा असा, की टबमधली पुस्तकं काढताना ती आजारी माणसाच्या तळपायांसारखी हाताला गार लागत.

रोज संध्याकाळी बायकोचा फोन यायचा. घर कसं आहे, असं ती विचारायची. मी म्हणायचो, चाललंय. तिकडे कसं आहे, असं मी विचारायचो. उबदार आहे, असं ती म्हणायची. ते ती अशा आवाजात म्हणायची, की हॉस्पिटलमधलं जेवण कसं आहे असं विचारल्यावर 'गरम असतं' असं कोणीतरी सांगावं. खिडक्या उघडत नाहीत, लिफ्टमध्ये कोणी कोणाकडे पाहत नाही, मुलगी-जावई कामावर गेले की भिंतीवरच्या घड्याळाचा काटासुद्धा आवाज करत नाही. हे ती तक्रार म्हणून सांगत नसे. मग आम्ही दोघंही काही न बोलता थोडा वेळ फोन कानाला लावून बसायचो. एका संध्याकाळी ती म्हणाली, "अहो, खरं सांगा. मी येईन ना परत?" मी म्हणालो, चाललंय. फोन ठेवल्यावर मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी प्लास्टिकच्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो आणि मुद्दाम वारा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी डावीकडच्या शेजारीण आल्या. त्या घरातच लाँड्री चालवतात; तळमजल्यावर त्यांचा वाफेचा बॉयलर आणि इस्त्रीची टेबलं आहेत. आळीत त्या लाँड्रीवाल्या वहिनी. बाई फटकळ, पण मनात काही नसतं. त्या दारातूनच म्हणाल्या की भाऊजी, तुम्ही भिंतीला काय केलंय? त्यांच्याकडे उकाडा असह्य झाला होता. कामाला येणाऱ्या बायका पदरानं वारा घेत इस्त्री करत होत्या. बॉयलर तोच, कपडे तेवढेच, आणि गेल्या काही दिवसांत खोलीची भट्टी झाली होती. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

मी स्वेटरांच्या आतून त्यांच्याकडे पाहत राहिलो. त्यांचं कपाळ घामानं डवरलं होतं. त्यांनी आमच्या पांढऱ्या भिंतीला हात लावला, मग माझ्या हाताला लावला आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"म्हणजे भाऊजी, आजवर माझा बॉयलर तुमचं घर तापवत होता. आणि तुम्ही मध्ये गादी घातलीत."

मी म्हणालो, पण गेल्या हिवाळ्यात तर घर फार गार होतं, म्हणून तर हे सगळं. वहिनींनी कपाळावर हात मारला. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. थंडी पडायच्या आधी लाँड्री बंद झाली, ती थंडी सरल्यावर उघडली. हे मला माहीत होतं. मी आणि बायको त्यांना बघायला हॉस्पिटलमध्ये गेलो होतो. बायको तिथं खोकली होती आणि वहिनींनीच पलंगावरून तिला पाणी दिलं होतं.

म्हणजे मी काहीच केलं नसतं, खुर्चीत बसून पुस्तक वाचत राहिलो असतो, तर या हिवाळ्यात घर आपोआप उबदार झालं असतं. माझ्यासारख्या माणसाला जी एकच गोष्ट उत्तम जमते, नेमकी तीच करायची होती. आणि मी जन्मात पहिल्यांदा उठून काहीतरी करायला गेलो.

आता डाव्या भिंतीवरचं सगळं काढून टाकायला ठेकेदाराला सांगायचं होतं. वाक्य मी तयार केलं, घोटलं, आरशासमोर म्हटलंसुद्धा. पण तो सकाळी आला तो मुलीशी फोनवर बोलतच आला. काम संपत आलंय, कधीही येऊन बघा, असं तिला सांगत त्यानं डाव्या भिंतीवरून पोटच्या पोरासारखा हात फिरवला. "काका, बघा, काय भिंत झालीय, अशी भिंत म्हणजे..." मी म्हणालो, छान आहे. तो गेला. मुलगी त्याच दुपारी येणार आहे, हे त्यानं जाता जाता सांगितलं. आईला घेऊन.

गवंडी वर कुठंतरी ठोकत होता. त्याला सांगावं तर तो फक्त खुणा ओळखतो. तेव्हा मला वाटलं की खुणा तर मलाही येतात. मी पेन्सिल घेतली आणि डाव्या भिंतीवर मुद्रितात करतो तशी खूण केली. नको असलेल्या मजकुरावर आडवी रेघ आणि रेघेच्या शेवटी वेटोळं, म्हणजे 'हे काढून टाका'. छापखान्यात ही खूण पाहून कोणी कधी चुकलं नव्हतं. पहिलं वेटोळं नेहमीसारखं बारीक झालं, मलाच दिसेना. या वेळी तरी ठाम राहायचं, असं मी स्वतःला बजावलं आणि मोठ्या टोपलीएवढं वेटोळं काढलं. एवढ्या ठामपणानंतर जरा अपराधी वाटलं, म्हणून त्याच्या आत बारीक अक्षरात 'कृपया पुनर्विचार व्हावा' असं लिहिलं आणि कोपऱ्यावर दूध आणायला गेलो.

परत आलो तेव्हा मागच्या खोलीत धुरळा होता आणि घरात कसलातरी ओळखीचा वास. गरम सुती कापडाचा. गवंड्यानं गोल पाहिला होता. एवढा मोठा गोल म्हणजे तसाच मोठा पाइप जाणार असणार, असं समजून त्यानं बोर्ड कापला, फोम कापला आणि मागच्या विटाही काढल्या. त्या जुन्या, भुसभुशीत. एक हलवली तर चार आल्या. भोकाच्या पलीकडे लाँड्रीवाल्या वहिनी हातात इस्त्री घेऊन उभ्या होत्या. माझा पुनर्विचार त्यांच्या टेबलावर, एका पांढऱ्या चादरीवर, तुकड्यातुकड्यांत पडला होता.

भोकातून वाफेचा एक लोट संथपणे आमच्या खोलीत आला. माझ्या चष्म्यावर धुकं बसलं. गवंडी पुढचा गोल शोधायला वर निघून गेला.

मीटरसाहेबांना आवाज पोचला होताच. त्यांनी येऊन उरलेल्या भिंतीवर टकटक केली, कान लावला आणि सांगितलं, की आता कागदोपत्री ही दोन घरं एक झाली. कचेरीला कळलं तर दोन्हींचे नळ तोडतील. "मला काय," ते म्हणाले. पण या वेळी त्यांचा आवाज जरा खुशीत होता. तेवढ्यात दारात गाडी थांबली.

मुलगी पुढच्या खोलीत आली. तिनं प्लास्टिक पाहिलं, भिंतीला टेकलेल्या खिडक्या पाहिल्या, जिन्यावरचे विटांचे तुकडे पाहिले, न्हाणीघरात डोकावून टबातली पुस्तकं पाहिली. ठेकेदाराला तिनं फोन लावला, तो त्यानं उचलला नाही. मग ती मागच्या खोलीत आली आणि भोकासमोर जागीच थांबली. तिच्या मागून बायको आली, जाड कोट घालून, हळूहळू, जणू दुसऱ्याच्या घरात पाहुणी आली आहे. ती वाळली नव्हती, पण कुठंतरी कमी झाली होती. मी दुधाची पिशवी हातात धरून उभा होतो.

मुलगी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती दमलेल्या आवाजात म्हणाली, "बाबा, मला एकच सांगा. तुम्ही बोला, ठेकेदार नाही. आई या घरात हिवाळा काढू शकते का? हो की नाही?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मीटरसाहेब पाहत होते. भोकातून वहिनी आणि त्यांच्या मागे इस्त्री थांबवून कामाच्या बायका पाहत होत्या. मला 'चाललंय' म्हणायचं होतं. ते ओठांवर आलंच होतं. मग मी बायकोकडे पाहिलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मला गेल्या हिवाळ्यातला तिचा खोकला ऐकू आला. ऐकू येतो म्हणजे काय, रात्रभर भिंतीला टेकून बसून मोजलेला खोकला.

"नाही," मी म्हणालो. "घर राहण्यासारखं नाही. तिला घेऊन जा. मीही येईन. पुस्तकांचं बघू."

मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्याही तोंडावर, संपूर्ण वाक्यात, क्रियापदासकट 'नाही' म्हणालो होतो, आणि तेही माझ्याच विरुद्ध. मुलीनं माझ्या हातातली दुधाची पिशवी काढून घेतली आणि माझा हात धरला. मीटरसाहेबांनीसुद्धा मान खाली घातली.

बायको या सगळ्यात नव्हती. ती आपली खुर्ची ओढत भोकापाशी घेऊन गेली होती. तिनं भोकासमोर तळहात धरला, उलटा केला, पुन्हा धरला. मग वहिनींना विचारलं की खुबा कसा आहे. वहिनी म्हणाल्या, खुबा बरा आहे, पण ताई, तुम्ही नव्हतात तर दुपारी बोलायला कोणी नव्हतं हो, या बायकांचं आपसातच चालतं. बायको म्हणाली, तिकडे तर तेही नव्हतं. वहिनींनी स्टूल ओढलं. दोघींच्या मध्ये फुटक्या विटांचा कठडा होता, आणि त्यावर कोणीतरी लगेच चहाची कपबशी ठेवली.

"आई," मुलगी म्हणाली, "बाबांनी आत्ता काय सांगितलं ते ऐकलंस ना?"

"ऐकलं," बायको म्हणाली. "चांगलं बोलले. मला वाटलं नव्हतं."

"मग ऊठ. निघू या. हे भोक आहे, आई. भिंतीला भोक आहे."

बायकोनं कोटाची बटणं काढायला घेतली. वरपासून खालपर्यंत, एकेक, सावकाश. कोट उतरवला, झटकला, घडी घातली आणि भोकातून पलीकडे वहिनींच्या हातात दिला.

"एवढा इस्त्री करून ठेवा," ती म्हणाली. "घाई नाही. थंडी संपल्यावर दिलात तरी चालेल."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? मी नुकताच एवढ्या कष्टानं नाही म्हणालो होतो, आणि त्या नाहीला माझ्या घरात कोणी विचारलं नाही.